बदकांच्या कुरणातला हंडा

थेल्मा लार्टरला मेटल डिटेक्टरचा छंद कसा लागला असं कुणी विचारलं, तर ती सरळ सांगते, "एका माणसाचं वाटोळं करायचं होतं म्हणून." ऐकणारा हसतो. बाई विनोद करतेय असं त्याला वाटतं. इंग्लंडातल्या नॉरफोकची माणसं असल्या गोष्टी चहात साखर घालता घालता बोलतात, त्यामुळे हसणाऱ्याचाही दोष नाही. पण ती विनोद करत नसते.

खरं तर त्या मशीनचा तिला मनस्वी संताप होता. लग्न झाल्यापासून दर रविवारी तिचा नवरा विल्फ कानाला हेडफोन लावून नांगरलेल्या रानात मशीनची गोल तबकडी फिरवत हिंडायचा आणि संध्याकाळी चिखलाने लडबडून घरी यायचा. खिशातून काय निघायचं? गंजके खिळे, पितळी बटणं, एखादं झिजून गुळगुळीत झालेलं नाणं. ते सगळं तो तिच्या भाजी धुवायच्या भांड्यात भिजत घालायचा. "बायका दारुड्या नवऱ्याला कंटाळतात, मी भंगारवाल्याला कंटाळले," असं ती शेजारपाजारी सांगायची. विल्फ नुसता हसायचा. गरीब स्वभावाचा माणूस, त्याला उलट बोलता यायचंच नाही.

विल्फचं एक रान होतं. मालकीचं नव्हे, मालक हाऊज नावाचा म्हातारा शेतकरी. रानाचं नाव फाशीचा माळ. पण ह्या मशीनवाल्या लोकांत जमीन कुणाचीही असो, तिथे शोधायची परवानगी ज्याला मिळाली त्याचं ते रान. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण लिहिलेल्यापेक्षा कडक आहे. दुसऱ्याच्या परवानगीच्या रानाकडे मान वर करून बघायचं नाही. एक वेळ त्याच्या बायकोकडे बघितलेलं खपेल.

दर वर्षी नांगरट झाली की त्या माळावर विल्फला एखाददुसरं रोमन चांदीचं नाणं मिळायचं. वरच्या कुंपणापासून खाली उतारावर, विखुरलेली. विल्फचा तर्क साधा होता. वर कुठेतरी जुन्या काळी कुणीतरी नाण्यांचा हंडा पुरलाय, तो फुटलाय आणि त्यातली नाणी खाली ओघळतायत. तो हंडा एकदा बघायला मिळावा, एवढीच त्या माणसाची हाव. ही गोष्ट त्याने दोघांनाच सांगितली. थेल्माला सांगितली, तर ती बटाटे सोलत होती, तिने लक्ष दिलं नाही. रॉय थॅक्स्टरला सांगितली, त्याने मात्र नीट लक्ष दिलं.

रॉय त्याचा जिवाभावाचा दोस्त. निदान विल्फला तरी तसं वाटायचं. एका हिवाळ्यात विल्फची छाती धरली आणि तो अंथरुणाला खिळला, तेव्हा रॉय दर दोन दिवसांनी यायचा. बायकोने केलेलं वाटाण्याचं सूप आणायचा, उशाशी बसायचा, म्हणायचा, "माळाची काळजी करू नकोस गड्या, मी आहे."

होता ना! हाऊजकडे जाऊन त्याने चेहरा पाडून सांगितलं की विल्फचं आता काही खरं नाही, त्याने शोधणं सोडलंय, माळ माझ्यावर सोपवलाय. म्हाताऱ्याने खरं मानलं आणि रॉयला परवानगी देऊन टाकली. वसंत आला, विल्फ जरा हिंडूफिरू लागला आणि मशीन घेऊन माळावर गेला. तर फाटकाशी रॉयची गाडी उभी आणि रॉय आत शोधतोय. हाऊज म्हणाला, "अरे, तू तर सोडलंस म्हणे!" आयत्या बिळावर नागोबा! विल्फ भांडला नाही. भांडायला लागते ती छाती त्याच्याकडे आधीही नव्हती, आजारानंतर तर मुळीच नव्हती. घरी आला, मशीन शेडमध्ये ठेवलं, शेडला कडी घातली. शरद ऋतूत गेला.

डॉक्टर म्हणाले फुफ्फुसं. थेल्माला विचाराल तर तिचं उत्तर वेगळं आहे.

अंत्यसंस्काराला रॉय काळा टाय लावून आला होता. थेल्माचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "माझा भाऊ गेला गं." थेल्माने हात सोडवून घेतला. आणि त्या क्षणी तिने डूख धरला. केसाने गळा कापणाऱ्याला सोडायचं नाही. आणि जिथे त्याने विल्फला मारलं, तिथेच त्याला मारायचं.

दुसऱ्या आठवड्यात तिने शेडची कडी काढली.

आता साठी ओलांडलेल्या बाईने मशीन हातात घेणं म्हणजे काय तमाशा असेल, बघा. पहिल्याच दिवशी ती मागच्या परसात उभी राहिली, मशीन चालू केलं, आणि ते ओरडायलाच लागलं. तिने खणलं, काही नाही. पाऊलभर पुढे सरकली, पुन्हा ओरडलं. पुन्हा खणलं. सगळ्या गुलाबाच्या वाफ्याची चाळण झाली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की पायात विल्फचे लोखंडी टोकाचे बूट आहेत आणि मशीन तिच्याच पायांवर ओरडतंय. ती वाफ्यात बसून मोठ्याने हसली आणि मग तशीच बसून मोठ्याने रडली. विल्फ असता तर त्याने हे महिनाभर सगळ्यांना सांगितलं असतं.

मग रबरी बूट आले. तबकडी कोयत्यासारखी वर उचलून फिरवायची नाही, जमिनीला लागून सपाट सरकवायची, हे ती शिकली. लोखंड घशातून खेकसतं आणि चांदी गाते, हे तिचे कान शिकले. जे गातं ते सगळं चांदी नसतं, बिअरच्या डब्यांच्या कड्याही अगदी सुरात गातात, हे तिचं कंबरडं शिकलं. गवताची पोळी झाकणासारखी अलगद उचलायची, माती पिशवीवर काढायची, खड्डा बुजवायचा, पोळी परत बसवून वर पाय द्यायचा. मागे काही दिसलं तर शेतकरी पुन्हा दारात उभं करत नाही. हे सगळं ती रागाच्या भरात शिकली, आणि रागाच्या भरात माणूस फार झटपट शिकतो.

मशीनवाल्यांच्या क्लबातही जाऊ लागली. गावच्या पबच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा सगळे जमतात, सापडलेल्या वस्तू टेबलावर मांडतात, एकमेकांचं कौतुक करतात आणि मनातून जळतात. पहिल्याच दिवशी रॉयने सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं थेल्मा, विल्फची कवळी शोधतेस का?"

खोलीत दोघेतिघे हसले. थेल्माही हसली. "हो ना रे. दात असते तर तुला तेव्हाच चावला असता." त्यावर बाकीचे हसले आणि रॉयने बिअरच्या ग्लासात तोंड घातलं.

रॉयचंही काही बरं चाललेलं नव्हतं. महागातलं, खोलवर ऐकणारं, तारेच्या गोंगाटातही चांदी ओळखणारं मशीन घेऊन त्याने अख्खा माळ पालथा घातला, पण हंड्याचा पत्ता नाही. का नाही, ते आता त्यालाही कळून चुकलं होतं. नाणी वरच्या कुंपणापाशी संपत होती, म्हणजे हंडा कुंपणापलीकडे. आणि कुंपणापलीकडे होतं बदकांचं कुरण. मालकीण रूबी गूच.

ही रूबी म्हणजे एक प्रकरण होतं. एकटीने गाईगुरं सांभाळायची, ट्रॅक्टर स्वतः चालवायची, आणि तोंड असं की कुत्रंही तिची परवानगी घेऊन भुंकायचं. रॉयने पूर्वी एकदा तिचं फाटक उघडं टाकलं होतं आणि वासरं थेट मोठ्या रस्त्यावर गेली होती. तेव्हापासून तो परवानगी मागायला आला की ती कुत्रं सोडायची.

थेल्मा तिच्याकडे घरी भाजलेला अ‍ॅपल पाय घेऊन गेली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. माळ, हंडा, सूप, काळा टाय, सगळं.

रूबीने अ‍ॅपल पायचा मोठा घास घेतला. "म्हणजे तुला हंडा हवाय की रॉय?"

"दोन्ही," थेल्मा म्हणाली. "पण एकच मिळणार असेल तर रॉय."

"बस इथं. चहा टाकते," रूबी म्हणाली. अशी परवानगी मिळाली.

अख्खा हिवाळा थेल्माने बदकांचं कुरण पिंजून काढलं. हाताशी काय लागलं? बंदुकीच्या काडतुसांची बुडं, शिशाचं एक वजन, घोड्याच्या सामानाच्या कड्या, आणि बटणं. बटणांचा तर पाऊस. हंडा नाही. खालच्या कडेला, माळाच्या बाजूला, काटेरी तारेचं कुंपण होतं, त्याच्या जवळ गेलं की मशीन ठणाणा बोंबलायचं, म्हणून तेवढी पट्टी ती सोडून द्यायची. गंमत अशी की हंडा सापडेना तरी तिला घरी जावंसं वाटेनासं झालं. एखादं बटण पुसून बघताना ते कुणाच्या कोटाचं असेल ह्या विचारात तास निघून जायचा. विल्फ इतकी वर्षं काय करत होता ते तिला आत्ता कळत होतं, आणि जितकं कळत होतं तितका रॉयवरचा राग वाढत होता. ह्याने माझ्या माणसाकडून हे काढून घेतलं!

उन्हाळ्याच्या तोंडाशी तिने रूबीला सांगितलं, "हंडा राहू दे. आता रॉय काढू."

दोघींनी मिळून कुरणाच्या मधोमध तांब्याच्या जुन्या बंबाचं झाकण पुरलं. तांबं मशीनला गोड लागतं, आणि झाकण परातीएवढं. वर पोळी नीट बसवली आणि तिथे वेताची काठी रोवली. ह्या धंद्यात मुरलेला माणूस सापडल्या जागी खूण कधी करत नाही, कारण खूण म्हणजे चोराला आवतण. खूण करतो तो नवशिका. आणि थेल्माला तर सगळे नवशिकीच समजत होते.

पुढच्या बैठकीत रॉय बाजूलाच चहा ढवळत असताना तिने टेबलापलीकडच्या एकाला भाबडेपणाने विचारलं, "परातीएवढा मोठा आवाज येतो, गोड येतो, चारी बाजूंनी सारखा. हे भंगारच असेल ना?"

त्या माणसाचा चहा हिंदकळला. "हळू बोल बाई! कुठे?"

"रूबीच्या कुरणात. मी बाई काठी रोवून ठेवलीय. एकटीने खणायचा धीर होत नाही. संग्रहालयाची बाई येणार आहे शुक्रवारी. गुरुवारी तर रूबी आणि मी दिवसभर जत्रेला, तिचा बैल आहे प्रदर्शनात."

"अगं, असं चारचौघांत सांगतात होय!" तो माणूस कपाळाला हात लावून म्हणाला. रॉय चहा ढवळत राहिला, ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली असेल.

गुरुवारी सगळा जिल्हा गुराढोरांच्या जत्रेला लोटला. रूबीचा बैल तिच्या भाच्याबरोबर गेला. ह्या दोघी गोठ्याच्या माडीवर, गवताच्या गंजीवर बसून होत्या. सोबत थर्मास, सॉसेज रोल आणि रूबीची दुर्बीण. थेल्माच्या छातीत लग्नाच्या दिवशी झाली होती तशी धडधड. आनंदच होता तो, उगाच दुसरं नाव कशाला द्या. पोलीसवाल्याला रूबीने आधीच सांगून ठेवलं होतं. परवानगीवाचून दुसऱ्याच्या रानात खणणं म्हणजे चोरी, आणि खेड्यातल्या पोलिसाला असल्या चोराचा फार राग.

उन्हं चढली तशी खालच्या कुंपणापाशी एक टोपी हलली.

"आला मेला!" रूबी म्हणाली.

रॉय तारेखालून सरपटत आत आला. रस्त्यावरून दिसू नये म्हणून उघड्यावर न येता तारेच्या कडेकडेने, वाकून, मशीन चालू ठेवून निघाला. काठीच्या समोर आला की आत वळायचं, असा त्याचा बेत दिसत होता. पण तो वळलाच नाही. मध्येच थांबला. दोन पावलं मागे गेला. तबकडी फिरवली, पुन्हा फिरवली. मग गुडघ्यावर बसून खणू लागला.

"तिथे काय खणतोय गाढव? काठी तर तिकडे आहे!" रूबीने दुर्बीण डोळ्यांवर दाबली. "थेल्मा... त्याने टोपी काढली गं, चर्चमध्ये काढतात तशी."

थेल्मा शिडी उतरली. रूबी मागोमाग. दोघी कुरण तुडवत थेट त्याच्यापाशी पोचल्या तरी त्याला पत्ता नव्हता. तो कोपरापर्यंत खड्ड्यात हात घालून नखांनी माती काढत होता. खड्ड्यात करड्या मातीचा, गळा फुटलेला हंडा, आणि त्याच्या तोंडातून हिरवट काळ्या नाण्यांचा लगदा वर आलेला. एकमेकांना चिकटलेली, शेकड्यांनी.

रॉयने मान वर केली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "थेल्मा," तो म्हणाला, "विल्फचं बरोबर होतं गं. इथेच होता."

"त्याचं नाव घेऊ नकोस," थेल्मा म्हणाली. "त्या घाणेरड्या तोंडाने त्याचं नाव घ्यायचं नाही. उठ. हात बाहेर काढ."

तो उठला. मग त्याला एकदम सगळं दिसलं असावं. काठी, रूबी, रूबीच्या हातातला फोन. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

रूबीने थेल्माला जरा बाजूला ओढलं. "हे बघ," ती दबक्या आवाजात म्हणाली, "परवानगी तुझी आहे. ह्याला हाकलून देऊ, आणि तू शोधलास म्हणून सांगू. मी शपथेवर सांगेन. संग्रहालयात काचेमागे लार्टर नाव लागेल. विल्फचं नाव."

दबका असला तरी रूबीचाच आवाज तो, रॉयला ऐकू गेला. आणि काय सांगू, तो माणूस गुडघ्यावरच आला. "हो, थेल्मा, हो! तूच शोधलास! मी आलोच नव्हतो. मी आत्ता जातो, मला काही नको. तूच घे. पोलिसात गेलं तर मला कोण उभं करेल? क्लबातून काढतील, हाऊज फाटकाबाहेर घालवेल, ह्या जिल्ह्यात एक शेतकरी मला पाऊल टाकू देणार नाही. मला ह्याच्याशिवाय दुसरं काही येत नाही गं. तुझ्या पाया पडतो, घे. विल्फच्या नावाने घे."

थेल्माने हंड्याकडे बघितलं. नाही म्हणू नका, तिला तो हवा होता. जीव तुटेल इतका हवा होता. काचेमागे विल्फचं नाव, शाळेची मुलं ते वाचतायत, हे चित्र तिला हिवाळाभर दिसत होतं. नुसतं "बरं" म्हटलं की झालं. रूबी बोलणार नाही, रॉय तर मेला तरी बोलणार नाही.

आणि रॉय सुटणार. हात झटकून घरी जाणार, उद्या माळावर पुन्हा तबकडी फिरवणार.

"विल्फ आजारी होता तेव्हा तू त्याचं रान न विचारता घेतलंस," ती म्हणाली. "आता तू हात जोडून देतोयस ते मी घेणार नाही. तू शोधलास ना? मग तुझंच नाव लागेल. सगळ्या कागदांवर, संपूर्ण नाव लिहायला सांगेन मी. शोधणारा रॉय थॅक्स्टर, आणि कसा शोधला तेही. रूबी, पोलिसाला बोलाव. आणि संग्रहालयाला फोन कर, म्हणावं खरंच सापडलाय."

"थेल्मा, पुन्हा विचार कर," रूबी म्हणाली.

"वर्षभर विचारच करतेय," थेल्मा म्हणाली. तिने अंगातला कोट काढून हंड्यावर पसरला आणि संग्रहालयाची माणसं येईपर्यंत त्याच्याशेजारी गवतात बसून राहिली. रॉय समोरच उभा होता, पण तिने त्याला पुन्हा हंडा बघू दिला नाही.

रॉय म्हणाला होता तस्संच झालं. त्याचं मशीन पोलिसांनी नेलं, क्लबाने नाव खोडलं, हाऊजने फाटकाला कुलूप लावलं. असं धन सापडलं की शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला बक्षीस मिळतं, त्यातला छदामही त्याला मिळाला नाही. हंडा जिल्ह्याच्या संग्रहालयात गेला, वर्तमानपत्रात फोटोसकट छापून आला, आणि चोरून खणणाऱ्याचं नाव-गावही आलं. संग्रहालयवाले हंड्याला गावाच्या नावाने ओळखतात, पण गावकरी कसले ऐकतात? पबमध्ये, चर्चच्या पायरीवर, बस थांब्यावर सगळे त्याला "रॉयचा हंडा" म्हणतात. नवीन राहायला आलेली माणसंसुद्धा.

विल्फचं नाव कुठेही नाही. थेल्माला ते बोचतं, काही रात्री फार बोचतं, आणि ती ते कुणापासून लपवत नाही. रविवारी ती अजूनही रूबीच्या कुरणात मशीन घेऊन जाते, बटणं गोळा करते आणि भाजीच्या भांड्यात भिजत घालते.

गेल्या नाताळच्या आदल्या आठवड्यात खाटकाच्या दुकानात तिची आणि रॉयची गाठ पडली. रांग मोठी होती, त्याला बाहेर पळता आलं नाही. खूप वाळला होता. तिच्या कानाशी येऊन तो हळूच म्हणाला, "थेल्मा, लोकांना सांग ना, ते नाव बंद करा म्हणून. पोरंसुद्धा मागून ओरडतात. आता तरी पुरे कर."

थेल्माने त्याच्याकडे नीट वळून बघितलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी काय केलं रे? हंडा तुझाच आहे, रॉय."

मग तिचा नंबर आला, आणि तिने सॉसेज मागितले.